रोज लॉगिन करतो, जहाज गोल फिरवतो आणि बंद करतो

ईव्ह ऑनलाइन या अवकाशजहाजांच्या ऑनलाइन गेमबद्दल एक पत्र आलंय, ते असं आहे:

"ताई, मी ईव्ह ऑनलाइन २०१५ पासून २०१९ च्या सुरुवातीपर्यंत खेळलो. शेवटचं वर्ष तर तो गेम राहिलाच नव्हता, ड्युटी झाली होती, रात्री तीनचा अलार्म लावून फ्लीटला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र मोहिमेला जायचो. मग एक दिवस कोणालाच न सांगता बंद केलं. गेल्या आठवड्यात परत इन्स्टॉल केलं. कॅरेक्टर जिताला, म्हणजे गेममधल्या मोठ्या बाजाराच्या स्टेशनला डॉक आहे, ३८ मिलियन स्किल पॉइंट आहेत, कॉर्पमध्ये (खेळाडूंच्या गटात) नाव अजून आहे पण कॉर्प चॅटला कोणी नाही. माझा थॅनाटॉस (मोठं कॅरियर जहाज) आणि बाकी सगळं सामान नलसेकमधल्या, म्हणजे पोलीसच नसलेल्या भागातल्या आमच्या फोर्टिझारमध्ये (खेळाडूंनी बांधलेल्या तळात) होतं, तो फोर्टिझारच आता नाहीये. रोज लॉगिन करतो, हँगरमध्ये जहाज गोल गोल फिरवतो आणि बंद करतो. बाकीचे इतकी वर्षं पुढे गेलेत, त्यांना मी आता काय गाठणार? नवीन कॅरेक्टर काढू का? आणि जुन्या लोकांना कुठल्या तोंडाने मेसेज करू? — हँगरमध्ये अडकलेला"

अरे, ते हँगरमध्ये जहाज फिरवत बसणं मला इतकं ओळखीचं आहे की तुझं पत्र वाचताना मी मध्येच थांबले. मी पण २०१८ ला सोडून २०२१ ला परत आले होते आणि जवळजवळ दोन आठवडे हेच करत होते, लॉगिन, जहाज फिरव, मार्केट उघड, बंद कर. त्यामुळे तुला अनडॉक व्हायची, म्हणजे स्टेशनमधून बाहेर पडायची भीती का वाटतेय ते मला समजतंय, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तू सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलायस, त्याच्याकडे येते. आधी ते "बाकीचे पुढे गेलेत" घेऊया, कारण तो चक्क गैरसमज आहे आणि तोच तुझे पाय धरून बसलाय.

बघ, स्किल ट्रेनिंग खऱ्या वेळेत चालतं म्हणून आपल्या डोक्यात बसतं की जो २००३ पासून, म्हणजे गेम ६ मे ला सुरू झाला तेव्हापासून खेळतोय तो कायम आपल्यापुढेच राहणार. पण प्रत्येक स्किल पाचव्या लेव्हलला संपतं ना. सगळ्यात साधं स्किल घे, पहिल्या लेव्हलला लागतात २५० पॉइंट, चौथीपर्यंत एकूण ४५,२५५, आणि पाचवीपर्यंत २,५६,०००. म्हणजे एकूण वेळेतला चार पंचमांशापेक्षा जास्त वेळ त्या एका शेवटच्या लेव्हलला जातो, आणि ती देते किती, तर बहुतेक वेळा आधीच्या प्रत्येक लेव्हलने दिलं तेवढंच, कुठे पाच टक्के, कुठे थोडं कमीजास्त. आता तू आणि एखादा वीस वर्षं खेळणारा माणूस एकाच प्रकारच्या फ्रिगेटमध्ये (छोट्या जहाजात) समोरासमोर आलात आणि त्या फ्रिगेटला लागणारी स्किल्स तुझी पण पाचला आहेत, तर तिथे तुमच्यात स्किल पॉइंटचा काडीचा फरक नाही. त्याच्याकडे जास्त काय आहे तर त्याला अजून पन्नास प्रकारची जहाजं चालवता येतात. पण एका वेळी बसणार तर एकातच ना. तुझे ३८ मिलियन कुठेही गेलेले नाहीत, ते भरपूर आहेत, आणि म्हणूनच नवीन कॅरेक्टर काढायचा विचार सोडून दे. फक्त एक कर, त्याच अकाउंटवर एका रिकाम्या जागेत नवीन कॅरेक्टर काढून नवीन लोकांचं ट्युटोरियल एक-दोन संध्याकाळी खेळून बघ, कारण तू सोडल्यानंतर ते पूर्ण नव्याने बनवलंय आणि बदललेल्या विंडो, बटणं वगैरे हाताला आपोआप लागतात. झालं की परत जुन्याकडे ये.

पैसे भरायची पण घाई करू नकोस. तू आत्ता अल्फा, म्हणजे फुकट खेळणारा असशील, ओमेगा (पैसे भरून मिळणारं सभासदत्व) संपलेला असेल. अल्फाला नवीन ट्रेनिंग ५ मिलियन पॉइंटपर्यंतच होतं, त्यामुळे तुझी ट्रेनिंगची क्यू अजिबात हलणार नाही आणि मोठी स्किल्स कुलूपबंद दिसतील, पण ती गेलेली नाहीत, ओमेगा घेतलास की त्याच क्षणी उघडतात. तोपर्यंत चारही साम्राज्यांची साधी फ्रिगेटपासून बॅटलशिपपर्यंतची जहाजं अल्फावर चालतात. परत आल्याच्या उत्साहात लोक आधी वर्षभराचा ओमेगा घेतात आणि मग पैसे वसूल व्हावेत म्हणून मन लागत नसताना खेळत बसतात, तेच मला तुझ्याबाबतीत नकोय. तीन-चार आठवडे फुकट खेळ. मन लागलं तर घे.

आता तू खरंच कुठे मागे आहेस ते सांगते. जग बदललंय आणि तुला ते माहीत नाहीये, एवढंच.

माझं काय झालं ऐक. परत आल्यावर मी ठरवलं की आपलं जिताला पडलेलं सामान अमार या दुसऱ्या बाजाराला नेऊन विकू, सोपं काम, हात बसेल. पूर्वी तो रस्ता नऊ जंपचा होता (एक जंप म्हणजे एका सिस्टममधून, एका ताऱ्याच्या परिसरातून, पुढच्या सिस्टममध्ये उडी) आणि अख्खा हायसेक, म्हणजे पोलिसांचं संरक्षण असलेला, मध्ये नियार्जा ही सिस्टम लागायची, तुला पण आठवत असेल, गँकर (टपून बसणारे लुटारू) बसलेले असायचे तिथे पण रस्ता तर होता. २०२० मध्ये गेमच्या कथेत ट्रिग्लेव्हियन नावाच्या परक्यांचं आक्रमण झालं आणि त्याच्या शेवटी २७ सिस्टम्स आपल्या नेहमीच्या नकाशातून तुटून पोचव्हेन नावाचा वेगळाच प्रदेश झाला, त्यात नियार्जा पण गेली. पूर्ण हायसेकने जायचं तर रस्ता एकदम ४५ जंपचा झाला. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. माझी रूटची सेटिंग "शॉर्टर" वर होती, कधीतरी मीच ठेवलेली. बॅजर (माझं मालवाहू जहाज) भरला, डेस्टिनेशन टाकलं, आणि गेट ते गेट जात राहिले, नजर सगळी मार्केटच्या विंडोवर. त्या रूटने मला अहबाझॉनमध्ये नेलं, ती लोसेक आहे, म्हणजे तिथे पोलीस मदतीला येत नाहीत. गेटच्या पलीकडे स्क्रीन उजाडली, ओव्हरव्ह्यूमध्ये (आसपासच्या जहाजांच्या यादीत) आठ-नऊ नावं, सगळी गेटला चिकटलेली, आणि मी अजून विचारच करतेय की एवढी गर्दी कशाला, हललेच, वार्प दाबला आणि जहाज वळायला लागलं तोवर लॉक झालंच. शील्ड गेली ती मला दिसली पण नाही, थेट हलचे (जहाजाच्या सांगाड्याचे) लाल आकडे दिसले. मग पॉड, म्हणजे जहाज फुटल्यावर उरते ती कुपी. मग तो पण गेला आणि मी आपल्या होम स्टेशनला नव्या क्लोनमध्ये (राखीव शरीरात), डोक्यातले जुने इम्प्लांट सगळे गेलेले. मी उठून पाणी प्यायले आणि बराच वेळ परत खुर्चीत बसले नाही.

वाईट वाटलं ते सामानाचं नाही. मी चार वर्षं त्या रस्त्याने डोळे मिटून गेलेली बाई, आणि मला रस्ताच माहीत नव्हता. तेव्हा कळलं की जुना म्हणून जो विश्वास असतो ना तोच परत येणाऱ्याला मारतो, नवीन पोरगं निदान घाबरून चारदा विचारतं तरी.

म्हणून पहिलं काम, रूटची सेटिंग "सेफर" वर कर, आत्ता, पुढचं वाचायच्या आधी. आणि डेस्टिनेशन टाकल्यावर डाव्या बाजूला जी छोट्या चौकोनांची रांग येते ती प्रत्येक वेळी बघ, एक चौकोन म्हणजे एक सिस्टम, निळे-हिरवे-पिवळे ठीक, नारिंगी किंवा लाल दिसला की थांबायचं आणि त्या चौकोनावर माउस नेऊन नाव वाचायचं. दोन सेकंदांचं काम आहे, माझा बॅजर त्या दोन सेकंदांत गेला.

दुसरं, तुझं नाव अजून जुन्या कॉर्पमध्ये आहे म्हणतोयस, तर ती कॉर्प किंवा तिची अलायन्स (कॉर्पांची युती) कुठल्या वॉरमध्ये आहे का ते कॉर्पच्या माहितीत आधी बघून घे. वॉर असेल तर हायसेकमध्ये पण तुला उडवलं तर कॉनकॉर्ड, म्हणजे गेमचे पोलीस, येणार नाहीत, आणि जिताच्या अनडॉकला अशांची वाट बघत लोक बसलेलेच असतात. असेल तर सरळ कॉर्प सोड, एनपीसी (गेमनेच चालवलेल्या) कॉर्पमध्ये राहा, ती कॉर्प तशीही रिकामी आहे. जुन्या नावाचा मोह असतो, मला माहितीये, पण तुझ्या कॅरेक्टरच्या एम्प्लॉयमेंट हिस्टरीत ते नाव कायम राहतं, पुसलं जात नाही.

बारीकसारीक एका दमात सांगून टाकते, इन्शुरन्स बारा आठवड्यांचा असतो म्हणजे तुझ्या सगळ्या जहाजांचा कधीच संपलाय, मार्केट ऑर्डर जास्तीत जास्त ९० दिवस टिकते म्हणजे न विकलेलं सामान जिथे ऑर्डर लावली त्या स्टेशनला परत आलेलं असेल आणि बाय ऑर्डरमध्ये अडकलेले पैसे वॉलेटमध्ये, तेव्हा वॉलेट नीट बघ, कदाचित तुला वाटतंय त्यापेक्षा जास्त निघतील.

आता तुझा थॅनाटॉस. फोर्टिझार नाहीये म्हणजे सामान गेलं असं धरून चालू नकोस. असेट्सची विंडो उघड आणि त्यात असेट सेफ्टीचा टॅब बघ. नलसेकमध्ये असं स्ट्रक्चर फुटलं की आतलं सामान साधारणपणे जळत नाही, ते असेट सेफ्टीत जातं, आणि तू वीस दिवसांत काहीच केलं नाहीस तर आपोआप जवळच्या लोसेकमधल्या एनपीसी स्टेशनला जाऊन पडतं. सोडवायला किमतीच्या १५ टक्के भरावे लागतात. म्हणजे तुझा कॅरियर कुठल्यातरी लोसेक स्टेशनमध्ये इतकी वर्षं तुझी वाट बघत बसलेला असण्याची बरीच शक्यता आहे. दोन ठिकाणी हे लागू होत नाही, ते पण सांगते म्हणजे धक्का बसणार नाही. वर्महोलमध्ये असेट सेफ्टी नसतेच, तो तुझा प्रश्न नाही. पण २०२० पासून नियम असा आहे की ज्या स्ट्रक्चरमध्ये कोणी इंधनच भरत नाही आणि ते अबँडन्ड होतं, ते फुटलं तर सामान बाहेर पडतं आणि फोडणारा घेऊन जातो. तुझी अलायन्स विस्कटली आणि फोर्टिझार तसाच बेवारस सोडला असेल तर थॅनाटॉस गेलेला असू शकतो. टॅब उघडल्याशिवाय कळणार नाही आणि मला वाटतं तू तो मुद्दामच उघडलेला नाहीस. उघड. जे असेल ते असेल, रोज मनात तो गमावत बसण्यापेक्षा बरं.

सापडला तर लगेच आणायला धावू नकोस, कळकळीने सांगतेय. अल्फावर तो चालवता येणार नाही, हायसेकमध्ये कॅरियर येत नाही, आणि जंप करायला सायनो, म्हणजे पोचायच्या ठिकाणी दुसऱ्या जहाजाने लावलेला बीकन, लागतो. पूर्वी आपण कुठल्यातरी स्वस्त फ्रिगेटमध्ये सायनो लावलेला ऑल्ट (आपलंच दुसरं कॅरेक्टर) पाठवायचो, ते सप्टेंबर २०१९ पासून बंद झालंय, आता कॅरियरला लागणारा नेहमीचा सायनो फक्त फोर्स रिकॉन आणि ब्लॅक ऑप्स जहाजांवर लागतो. म्हणजे एक कॅरियर हलवायला तुला महागडं सायनो जहाज, ते चालवणारा माणूस आणि विश्वासू साथ लागणार. तोपर्यंत तो आहे तिथे स्टेशनमध्ये सुरक्षित आहे, पडू दे. नाहीच हलवावासा वाटला तर आहे तिथूनच कॉन्ट्रॅक्टवर विकून टाकता येतो. मी असते तर विकला असता, पण तुझा जीव त्यात अडकलाय हे तुझ्या पत्रात दिसतंय, त्यामुळे तुझं तू ठरव.

मग अनडॉक कशात व्हायचं? हेरॉनमध्ये, ते शोधकामाचं स्वस्त फ्रिगेट आहे. एक हेरॉन घे, प्रोब लाँचर लाव, कोअर प्रोब भर, आणि हायसेकमध्ये सिग्नेचर (लपलेल्या जागांचे सिग्नल) शोध. कार्गोत काहीही ठेवू नकोस, डोक्यात महागडे इम्प्लांट असतील तर जमत असल्यास जंप क्लोन करून (दुसऱ्या शरीरात जाऊन) ते बाजूला ठेव. मी एवढं ठासून का सांगतेय तर स्कॅनिंगला सगळं लक्ष लागतं पण भीती लागत नाही. आठ प्रोब सोडायचे, मॅपवर ते निळे गोळे एकात एक दिसतात, सिग्नलवर आणून ठेवायचे, ८ एयू (अंतराचं एकक) वर स्कॅन, मग ४, मग २, १, अर्धा, पाव. प्रत्येक वेळी तो ठिपका लाल, मग नारिंगी, मग एकदम हिरवा, शंभर टक्के, आणि नाव उमटतं. मला आठवतंय, माझा पहिला हिरवा ठिपका आला तेव्हा माझी बोटं आपोआप डी-स्कॅनच्या, म्हणजे आसपास कोण आहे ते बघायच्या बटणावर गेली होती, मी सांगितलं नव्हतं त्यांना. तीन वर्षांनी. डोकं विसरलेलं असतं, हात विसरलेले नसतात, फक्त त्यांना एखादी स्वस्तातली संधी द्यायला लागते. हायसेकच्या साइटमध्ये मिळकत फार नसते पण तुला आत्ता मिळकत नकोय. आणि हेरॉन उडाला तर दुसरा घे, पाच-सहा फिट करून एकत्रच ठेव म्हणजे एक जाण्याचं काही वाटणार नाही. जे जाण्याचं दुःख होईल ते उडवायचं नाही हे तर तू पहिल्या वर्षीच शिकला असशील, परत आल्यावर ते परत पाळायचं असतं.

आता माणसं.

तू "कुठल्या तोंडाने" म्हणतोयस. मला असं दिसतंय की फ्लीट चालू असताना, लोकांना तुझी गरज असताना तू निघून गेलास आणि त्याचं ओझं तू इतकी वर्षं घेऊन फिरतोयस. पण तू लिहिलंयस त्यावरून तू थकला होतास. रात्री तीनला उठून दुसऱ्या दिवशी कामाला जाणारा माणूस कधीतरी कोलमडतोच, आणि जेव्हा कोलमडतो तेव्हा त्याच्यात छान निरोपाचा मेसेज लिहायची ताकद उरलेली नसते. तुझ्या मित्रांना हे कळत नसेल असं समजू नकोस. त्यातले निम्मे तरी असेच गेले असतील, म्हणून तर चॅट रिकामं आहे.

मी माझ्या जुन्या लोकांपैकी चौघांना ईव्हमेल (गेममधला मेल) केला होता. कोण कुठे गेलंय ते त्यांच्या एम्प्लॉयमेंट हिस्टरीत बघितलं. दोघांचं काहीच उत्तर आलं नाही, आजपर्यंत. एक जण आता आम्ही ज्यांच्याशी लढायचो त्याच अलायन्समध्ये होता, त्याने तासभर गप्पा मारल्या आणि शेवटी म्हणाला की लोसेकमध्ये भेटलीस तर गोळी मारीन हां, आणि आम्ही दोघं खूप हसलो. आणि चौथीचं उत्तर दोन ओळींचं होतं, "जिवंत आहेस होय! शनिवारी रोम (शिकारीची फेरी) आहे, काहीतरी स्वस्त घेऊन ये." मी तीन वर्षं मनात माफीची भाषणं तयार करत होते आणि तिने एक प्रश्न पण विचारला नाही.

म्हणून तू मोठं पत्र लिहू नकोस. एवढंच लिही: "मी परत आलोय. तेव्हा फार थकलो होतो, न सांगता गेलो, त्याचं मला वाईट वाटतं. आता हळूहळू खेळतोय. तू कसा आहेस?" बस. ज्याची सगळ्यात जास्त आठवण येते त्याला आधी. कॉर्पमध्ये घ्या वगैरे काही मागू नकोस, आणि उत्तर नाही आलं तर त्याचा अर्थ तो रागावलाय असा लावू नकोस, ज्याने गेम सोडलाय त्याला ईव्हमेल दिसतच नाही.

कोणीच नाही सापडलं तर ईव्ह युनिव्हर्सिटीकडे बघ, २००४ पासून आहे ती कॉर्प, शिकवायचंच काम करते, आणि तुझ्यासारखे वर्षानुवर्षांनी परत आलेले तिथे पण असतात. तिथे मूर्ख प्रश्न विचारायला लाज वाटत नाही कारण सगळेच विचारत असतात.

आणि एक अट घालते, माझं ऐकशील तर. पहिले दोन महिने कुठलीही जबाबदारी घ्यायची नाही. फ्लीट लीड नाही, लॉजिस्टिक्स नाही, स्ट्रक्चरच्या टायमरला (तळावरच्या लढाईच्या ठरलेल्या वेळेला) हजर राहतो असा शब्द नाही. तुझे ३८ मिलियन बघून लोक विचारतील, कॅरियर पायलट म्हटल्यावर तर नक्कीच, आणि तू चांगला माणूस आहेस त्यामुळे तुला नाही म्हणणं जड जाईल. पहिल्याच दिवशी सांगून ठेव की मी संध्याकाळी जमेल तेव्हा येणार आणि झोपेच्या वेळी झोपणार. ज्या कॉर्पला हे चालत नाही ती तुझी कॉर्प नाही. तो तीनचा अलार्म फोनमध्ये अजून सेव्ह असेल तर डिलीट कर.

आज रात्री लॉगिन केलंस की आधी असेट सेफ्टीचा टॅब उघड, मग तो चार ओळींचा ईव्हमेल पाठव, आणि मग हेरॉनमध्ये बसून अनडॉक दाब. थॅनाटॉस कुठल्या स्टेशनमध्ये सापडला ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.